कडीमावशीची तालीम

कडीमावशीचा नवरा कुलपं बसवायचा आणि कडीमावशीला मारायचा. दोन्ही कामं तो मन लावून करायचा. बाजारात त्याला सगळे उस्ताद म्हणत. ते पहिल्या कामासाठी म्हणत असतील, पण दुसऱ्यातही तो काही कच्चा नव्हता.

मावशी कुलपांचं काम शिकली ती त्याच्या मागे बॅटरी धरून. उस्ताद लोकांच्या दाराशी गुडघे टेकून बसायचा, ही मागून उजेड पाडायची. हिची सावली कामावर पडली की त्याचं कोपर मागे यायचं, न बघता, नेमकं बरगडीत. वर प्रश्न असायचा, "उजेड कुणाच्या बापाला दाखवतेस?" त्यामुळे सावली न पाडता उभं कसं राहायचं हे ती आधी शिकली. कुलूप नंतर.

घरी कडी लावून बसण्यात अर्थ नव्हता. उस्ताद बाहेर उभा राहून खिशातून तार काढायचा आणि शीळ घालत काम सुरू करायचा. शीळ थांबली की दार उघडलं असं समजायचं. मावशी आत भिंतीला पाठ लावून शीळ ऐकत बसायची. चाल दर वेळी वेगळी असायची. हौशी माणूस होता.

मग एक दिवस कुणाच्या तरी फडताळाचं कुलूप बसवताना सावली पडली, कोपर मागे निघालं आणि अर्ध्या वाटेतच थांबलं. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि कोपर तेवढं तसंच दुमडलेलं राहिलं, जणू राहिलेलं काम आठवतंय. घरात सुरक्षित राहायला बाकीच्या बायकांना कोर्टाची पायरी चढावी लागते. मावशीचं काम परस्पर झालं.

उस्ताद खिडकीपाशी खुर्चीत बसू लागला. तोंडातून एकच आवाज यायचा, "हं." तोही मनासारखं काही झालं तरच. मावशीने त्याची पिशवी खांद्याला लावली आणि त्याची गिऱ्हाइकं धरली. लोक म्हणाले, बाईमाणूस कसली कुलपं बसवणार. तिने बसवलेली कुलपं उघडेनात तेव्हा गप्प झाले.

तिथून ती मार खाणाऱ्या बायकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत गेली. संस्थेचं म्हणणं साधं होतं. नवरा मारतो म्हणून बाईने घर का सोडायचं? तो जाऊ दे, ती राहू दे. कोर्ट त्याला बाहेर काढायचं आणि संस्था त्याच दिवशी बाईचं दार पक्कं करून द्यायची. हे साधं म्हणणं संस्थेतल्या मॅडम मात्र असं सांगायच्या: "आपला उद्देश काय आहे मावशी, की त्या महिलेला तिच्या स्वतःच्या घरात, तिच्या स्वतःच्या परिसरात, सन्मानाने..." मॅडमचं वाक्य क्रियापदापर्यंत कधी पोचलं नाही. सन्मानाने म्हटलं की त्या चष्मा पुसायला घ्यायच्या.

मावशीने तीन वर्षांत चाळीस-एक दारं केली. आतून लोखंडी पट्टी, आडवा अडसर, साखळी, लॅच, बघायला भिंग. चाळीसातली दोन दारं फुटली. एकोणीस दारं आतून उघडली गेली.

मॅडमने हे "तांत्रिक त्रुटी" म्हणून लिहून घेतलं.

"कुलपाला काय झालं होतं मावशी?"

"कुलपाला काय व्हायचंय? ते अजून झकास आहे. तुमच्या बाईने हाताने काढलं."

मावशी त्या एकोणीस जणींकडे एकेक करून गेली. काही घरी होत्या, काही दवाखान्यात, दोन कुठेच नव्हत्या. तिचा प्रश्न एकच असायचा: बाहेरून तो काय म्हणाला? एकीला म्हणाला, ताप आहे, घोटभर पाणी दे. एकीला म्हणाला, आई गेली. ती म्हातारी अजून ठणठणीत होती. एकीला नुसतं तिच्या लाडाच्या नावाने हाक मारली. एका बाईने मोबाइलचा चार्जर द्यायला दार उघडलं. चार्जर त्याने नेला नाही. दोन दात नेले.

"म्हणजे दार नव्हे, कान पक्के करायला हवेत," मावशी मॅडमना म्हणाली. मॅडम म्हणाल्या, फारच सुंदर विचार आहे, आणि चष्मा पुसला.

तेव्हापासून मावशीची तालीम सुरू झाली. अडसर बसवून झाला की ती पिशवी मांडीवर घेऊन बाईसमोर बसायची. "काय म्हणतो तो? शब्द सांग. कुठे थांबतो ते सांग. नाक ओढतो का?" बाई लाजत, रडत सांगायची. मावशी ते घरी न्यायची आणि उस्तादसमोर घोटायची. खुर्चीसमोर उभी राहून ती तापाने फणफणलेला नवरा व्हायची, पाया पडणारा, दात-ओठ खाणारा, देवाधर्माचा, दारू सोडलेला, पुन्हा धरलेला. उस्ताद डोळे बारीक करून ऐकायचा. खोटं वाटलं तर मान खिडकीकडे. सूर बरोबर लागला की "हं." या विषयात त्याच्याइतका जाणकार गावात दुसरा नव्हता.

मग मावशी जाऊन त्या बाईच्या दाराबाहेर उभी राहायची, भिंगावर पंजा ठेवायची, कारण खराही ठेवणारच, आणि सुरू व्हायची. पहिल्या दिवशी बहुतेक जणी उघडायच्या. उघडलं की मावशी तिच्या गालाला दोन बोटं टेकवायची. मारायची नाही, टेकवायची.

"मेलीस," म्हणायची. "लाव परत."

तालीम संपल्याची खूण ठरलेली होती. पेचकसच्या मुठीने कडीवर दोनदा टकटक, आणि मग स्वतःच्या आवाजात, "मावशी. संपलं." त्याशिवाय दार उघडायचं नाही. तालमीनंतर एकही दार आतून उघडलं गेलं नाही. मावशीला त्याचा गर्व होता आणि तो ती लपवायचीही नाही.

अशात शिवणवालीचं दार आलं.

तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. पुढच्या खोलीत खिडकीपाशी शिवणयंत्र, शेजारी ढीग: कुणाची पँट आखूड करायची, कुणाचा झगा सैल करायचा. नऊ वर्षं ती तिथे बसून उसवत आणि शिवत होती. तिसरा मजला म्हटलं की चार गल्ल्यांतल्या लोकांना तीच आठवायची. सहा वर्षांच्या मुलीची शाळा खिडकीतून दिसायची. भाऊ म्हणाला होता, ये की आमच्याकडे, पण मशीन कुठे ठेवणार तेवढं सांग. भावजयीने नुसती स्वयंपाकघरातली मोरीजवळची जागा दाखवली होती.

जागा मात्र नवऱ्याच्या नावावर. न्यायाधीशांनी त्याला सहा महिने बाहेर काढलं आणि बाईंना बजावलं, "ह्या सहा महिन्यांत तुम्ही आपण होऊन त्याला एकदा जरी घरात घेतलंत, तर तुमचं जमलं असं मी समजेन. मग घर दोघांचं." म्हणजे सगळी गोष्ट एका दारावर आली. ते एकदा उघडलं की मशीन, गिऱ्हाइकं, शाळा, सगळं गेलं.

आणि नवरा कोण, तर घरोघरी फिरून पाणी गाळायची यंत्रं विकणारा. त्याचा धंदाच मुळी दारं उघडवण्याचा. गल्लीत त्याला गोडबोल्या म्हणत. अनोळखी बाईने दार बोटभर उघडलं की हा बूट आत घालून म्हणायचा, "दोनच मिनिटं, वहिनी. पटलं नाही तर दार लावून घ्या." घरी बायकोलाही हेच. "दोनच मिनिटं, राणी. पटलं नाही तर दार लावून घे." मग दार तोच लावायचा आणि पिशवीतला नमुन्याचा पाइप काढायचा. सगळं झाल्यावर स्वतःच्या यंत्राचं पाणी पेल्यात भरून आणून द्यायचा. "बघ काय करायला लावतेस मला," म्हणायचा. पाणी मात्र खरोखर चांगलं असायचं, असं शिवणवाली सांगायची.

पहिल्या तालमीत तिने चार सेकंदांत दार उघडलं.

"मेलीस," मावशी म्हणाली. "अगं, मला खोकला तरी पुरता करू द्यायचास."

दुसऱ्या तालमीत उघडलं नाही, पण आतून विचारलं, "जेवलात का?"

"झालं. आता हा जिन्यातच मुक्काम ठोकणार. बोलायचं नाही, बाई. तोंडात टाचण्या धर. मशीन सुरू कर आणि शिवत बस. तुला काय वाटतं, दया येते तुला त्याची?"

"तसं नाही मावशी. कुणी बाहेर विव्हळत असलं ना, की मला आत बसवत नाही. मांजर असलं तरी."

"मांजर पाइपने मारत नाही."

तिसऱ्या तालमीला ती इतकी तयार झाली होती, की तिने सरळ पोलिसांना फोन लावला. शिपाई धापा टाकत तीन मजले चढला आणि बघतो तर दाराशी एकटी कडीमावशी, हात जोडून स्वतःशीच रडतेय. शिपायाला ते लागलं. "नाटकं घरात करा मावशी. उद्या खरंच कुणी कापलं ना, तर आधी विचारेन, तालीम आहे की प्रयोग."

म्हणून त्यांनी एक नियम केला. बाहेर मावशी असेल तर फोन करायचा नाही. आता मावशी की खरा हे ओळखायचं कुणी? ते काम मुलीने घेतलं. मुलीचा कान भलताच तिखट होता. ती दाराला कान लावून गुण द्यायची, म्हणून मावशीने तिचं नाव मास्तरीण ठेवलं.

"सहा," मास्तरीण आतून म्हणायची. "बाबांचं 'दोनच' लांब असतं. दोऽनच."

"दोऽनच मिनिटं, राणी."

"सात. रडू नका. बाबा रडत नाहीत, नाक ओढतात फक्त."

दहापैकी दहा मिळाले तर तो खरा बाबा, लगेच फोन. दहाच्या खाली असेल तर मावशी. चोख व्यवस्था. तिघींनाही ती फार आवडली. शिवणवाली त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी हसली.

ही व्यवस्था आणखी एकाला आवडली होती. गोडबोल्या गच्चीच्या जिन्यात, बूट हातात घेऊन, तीन तालमी ऐकून गेला होता. दारं कशी उघडतात याचा अभ्यास हाच त्याचा धंदा. पेचकसची टकटक, मग "मावशी, संपलं," मग अडसर, साखळी, लॅच. त्याने सगळं पाठ केलं.

मंगळवारी दुपारी अडीचला मावशी तिसरा मजला चढली. दाराशी पिशवी ठेवून वाकली, तेवढ्यात मागून कुणीतरी अगदी अदबीने तिचा उजवा हात धरला आणि पाठीवर पिरगाळला.

"दोनच मिनिटं, मावशी," गोडबोल्या तिच्या कानात म्हणाला. पायात मोजे, बूट पायरीवर नीट जोडीने ठेवलेले. "ओरडायचं काही काम नाही. आपण दोघं एकाच लाइनीतले."

त्याने तिला दाराशेजारच्या भिंतीला दाबलं, खांद्याने भिंग झाकलं आणि तिच्याच पिशवीतून पेचकस काढून मुठीने कडीवर टकटक केलं. अगदी तिच्यासारखं. आत मशीन थांबलं.

"मावशी?" शिवणवालीचा आवाज. "आज काही ऐकवलंच नाहीत?"

"संपलं म्हणा," तो कुजबुजला. "एकच शब्द. तुम्हाला कुणी काही करणार नाही. तुमच्या कामाचा मी भक्त आहे."

शब्दाची वाट न बघता आत अडसर सरकला. मावशीने तो स्वतः बसवला होता, त्याचा आवाज तिला तिच्या नावासारखा ओळखता आला असता. एक गेलं. राहिली साखळी आणि लॅच.

खरं ओरडावं, तर काय होईल हे तिला ठाऊक होतं. "उघडू नको, हा मला धरून उभा आहे," असं म्हटलं की ती बाई उघडणारच. कुणी विव्हळत असलं तर तिला आत बसवत नाही. इतक्या तालमी झाल्या, तेवढी एक गोष्ट मावशीला तिच्यातून काढता आली नव्हती.

आत साखळी खळखळली.

मावशीने मान भिंतीवरून जेवढी वळते तेवढी दाराकडे वळवली, घसा साफ केला आणि म्हणाली, "दोऽनच मिनिटं, राणी. पटलं नाही तर दार लावून घे."

साखळी थांबली. मग परत लागली. अडसर परत सरकला.

"अजून चालूच आहे, आई," मास्तरीण आतून खुदखुदली. "आधी टकटक करून फसवत होत्या. आठ."

गोडबोल्याने आयुष्यात हजार दारांवर हा आवाज काढला होता, पण दुसऱ्याच्या तोंडून, इतक्या जवळून कधी ऐकला नव्हता. त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं, दुकान बंद झाल्यावर पाटी राहते तसं. त्याने मावशीची करंगळी मुठीत घेतली.

"संपलं म्हणा."

"ताप आहे गं," मावशी त्याच्या आवाजात म्हणाली. "अंगात कणकण आहे. बाहेर कुणी नाही माझं."

करंगळी मोडली. ओली काडी मोडावी तसा बारीक आवाज झाला. मावशीच्या पोटातून जे वर आलं ते तिने अर्ध्यात पकडलं आणि नाकातून काढलं, नवरे नाक ओढतात तसं. बरीचशी किंकाळी त्यात बसली. थोडी बाहेर सांडली.

"नऊ," मास्तरीण म्हणाली. तिने आजवर कुणाला नऊ दिले नव्हते. "पण शेवटचं जास्त झालं. बाबा असं ओरडत नाहीत."

बाबांनी दुसरं बोट धरलं. मावशीला तोवर लय सापडली होती. तिने त्याचं सगळं दुकान मांडलं: मशीनचं तेल आणून देईन, मुलीला सायकल घेईन, तुझ्या भावाच्या पाया पडेन. एकेक माल ती काढत गेली आणि तो ऐकत गेला. शेवटी तिने तो शब्द काढला जो तो फक्त दार आतून लावल्यावर म्हणायचा, पाण्याचा पेला हातात असताना.

"बघ काय करायला लावतेस मला."

त्याने दोन बोटं एकदम मोडली. नेमकं त्याच वेळी आत मशीन सुरू झालं. शिवणवालीला शिकवलं होतं ना, आवाज फार झाला की मशीन सुरू करायचं आणि शिवत बसायचं. ती शिवत बसली. शहाणी शिष्या. कडीमावशीचं ओरडणं एका पँटच्या दुमडीत शिवलं गेलं.

खालून पावलं वाजली. ज्याची ती पँट होती ते लठ्ठ काका दुसरी पँट हातावर टाकून वर येत होते. गोडबोल्याने मावशीला अलगद खाली बसवलं, पायात बूट चढवले, आणि काका वळणावर येईपर्यंत तो पुन्हा विक्रेता झाला होता.

"बरं झालं काका, आलात. ह्या मावशी जिन्यात घसरल्या हो. बघा जरा, मी पाणी आणतो."

आणि तो एकेक पायरी उतरत गेला, न धावता.

काकांनी दार ठोठावलं. "अहो बाई, उघडा. मावशी पडल्यात इथे."

मशीन थांबलं. आतून बारीक आवाज आला, "हा आवाज नवीन आहे. सहा."

"सहा काय?" काका म्हणाले. "अहो, मी पँटवाला."

"पाच."

मावशी भिंतीला टेकून हसायला लागली. हसताना हात हलला आणि तिला ओकारी आली. एक टकटक करून "संपलं" म्हणायचं, की दार उघडलं असतं, पाणी मिळालं असतं, मांडी मिळाली असती. पण खालचं दार वाजल्याचा आवाज तिने ऐकला नव्हता. तो जिन्याखालीच थांबला असेल, एवढं तिला त्याच्या धंद्यातलं कळत होतं. तिने काकांचा हात धरला. "चला, दवाखान्यात. ह्या घरी कुणी नाही."

चौकीत तोच शिपाई होता. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे आतल्या बाईने त्याचा आवाज ऐकला?"

"माझा ऐकला. त्याचा, पण माझा."

"काकांनी मारताना पाहिलं?"

काकांनी पाहिलं नव्हतं. काकांना तो मुलगा फार सभ्य वाटला होता.

"मग मावशी, नवरा म्हणून बोललात तुम्ही, मार खाल्लात तुम्ही, ओरडलातही तुम्हीच. मी पकडू कुणाला, तुम्हाला?" त्याने लिहिलं: जिन्यावरून पडून दुखापत. मॅडमने लिहिलं: कामाच्या ठिकाणी अपघात. तालीम बंद करण्यात आली. "आपण फक्त दारं करू या मावशी," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे महिलाही सुरक्षित आणि तुम्हीही..." आणि चष्मा पुसला.

शिवणवाली दवाखान्यात आली ती पदराने तोंड दाबूनच. "मी नाही राहत तिथे मावशी. मी शिवत होते. तुम्ही बाहेर, आणि मी शिवत होते. मी भावाकडे जाते."

"जा," मावशी म्हणाली. "माझी बोटंही घेऊन जा. मोरीजवळ ठेव, भावजयीला दाखव. म्हणावं, एवढ्यात घर वाचत होतं, पण मला वाईट वाटलं."

शिवणवाली रडायची थांबली.

"किती दिले होते पोरीने?" मावशीने विचारलं.

"नऊ."

"मग बस घरी. नऊ कुणाला मिळत नाहीत."

ती घरीच राहिली. सहा महिने पुरे झाले, कोर्टाने हुकूम वाढवून दिला. त्यात गोडबोल्या आणखी दोनदा येऊन गेला. दार उघडलं गेलं नाही. दुसऱ्या वेळी मास्तरणीने त्याला दहापैकी दहा दिले आणि फोन केला. तो शिपाई येईपर्यंत निघून गेला, पण दहा मिळाले.

मावशीची तीन बोटं वाकडी जुळली. कुलपाच्या आत बोट घालून कुठली कळ अडली ते ओळखायची तिची पद्धत होती, ती गेली. दिवसाला तीन दारं करायची, आता एकही धड होईना. संस्थेने नवा माणूस घेतला. तो दार छान करतो आणि अर्ध्या तासात निघून जातो.

एका दुपारी मावशी शिवणवालीकडे गेली. काम काही नव्हतं. लॅचला तेल घालावं, म्हणून बाटली घेतली होती. तीन मजले चढून तिने डाव्या हाताने पेचकस धरला आणि कडीवर टकटक केली. डावा हात तो डावाच. पहिली टक हलकी पडली, दुसरी उशिरा.

"मावशी," ती म्हणाली. "संपलं."

आत मशीन थांबलं. तिने मुद्दाम भिंगासमोर तोंड धरलं, पण जिन्यात अंधार होता आणि ते भिंग तिनेच बसवलेलं, स्वस्तातलं.

"चार," मास्तरीण म्हणाली.

"अगं, मी आहे. खरंच मी आहे."

"खरंच म्हणतात ते सगळे खोटे असतात. मावशीनेच शिकवलंय." मग आईला, हळूच, "मावशी अशी रडकी बोलत नाही. आणि तिची टकटक अशी नसते."

"कोण असेल ते असू दे," शिवणवाली म्हणाली, आणि तिच्या आवाजात दया औषधालाही नव्हती. "दार लागलेलं आहे. फोन लाव."

मावशी ऐकत उभी राहिली. इतक्या तालमींत जे निघालं नव्हतं, ते निघालं होतं. साफ, मुळासकट. तिने तेलाची बाटली कडीला अडकवली आणि शिपाई येण्याआधी खाली उतरली. दुसऱ्या मजल्यावर असताना वर मशीन सुरू झालं.

घरी उस्ताद भुकेला बसला होता. मावशीने डाव्या हाताने त्याला भरवायला घेतलं. चमचा आधी गालाला लागला, मग हनुवटीला. भरवता भरवता तिने आजचं सगळं सांगितलं, सवयीने, आवाज काढून. शिवणवालीचा काढला. "हं." मास्तरणीचा काढला. "हं." मग टेबलावर चमच्याने टकटक करून ती म्हणाली, "मावशी. संपलं."

उस्तादने मान खिडकीकडे वळवली.

तिने पुन्हा म्हटलं, जरा वरच्या पट्टीत. मान वळली नाही. तिसऱ्यांदा तिने घसा साफ करून, मन लावून म्हटलं. काही नाही. मग चमचा खाली ठेवून ती त्याच्या दुमडलेल्या कोपराकडे बघत राहिली आणि खालच्या, जाड आवाजात बोलली, "उजेड कुणाच्या बापाला दाखवतेस?"

"हं," उस्ताद म्हणाला, आणि तोंड उघडून पुढच्या घासाची वाट बघू लागला.